मार्चमधली तीर्थन: बर्फाच्या पाण्यात ट्राउट केव्हा खातो

ट्राउट हा गार पाण्यातला मासा. हिमाचल प्रदेशातल्या त्याच्या नद्या १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारीला बंद असतात. १ मार्चला बंदी उठते. चार महिने वाट बघितलेली मंडळी त्या दिवशी पहाटेच्या अंधारात बूट चढवून कुल्लूतल्या तीर्थन नदीच्या काठावर हजर होतात आणि नऊ-साडेनऊला बोटं बधिर करून घेऊन चहाच्या टपरीवर परततात. मासा नाही. ‘मासा पहाटे लागतो’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, आणि उन्हाळ्यातल्या तळ्यावर किंवा धरणावर ते बऱ्याचदा खरंही असतं. मार्चमधल्या डोंगरी नदीत ते साफ उलटं पडतं. इथे माशाचा दिवस सुरू होतो तो अकराच्या पुढे, आणि बहुतेक वेळा चारच्या आत संपतो.

असं का होतं, हे कळलं की मार्चमधल्या मासेमारीचा निम्म्याहून अधिक भाग कळला. कुठली काठी घ्यावी, कुठली फ्लाय बांधावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. माझ्या मते या महिन्यात सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर.

आधी नवख्यांसाठी थोडक्यात. नेहमीच्या गळाला शिसं लावतात आणि ते वजन दोरी ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला म्हणण्यासारखं वजनच नसतं. म्हणून वजन दोरीत ठेवलेलं असतं. जाडसर, लेप दिलेली दोरी हवेत मागेपुढे खेळवून पाण्यावर टाकायची, आणि तिच्या टोकाच्या बारीक पारदर्शक धाग्याला बांधलेला किडा तिच्यामागून जातो. पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याला ड्राय फ्लाय म्हणतात, पाण्याखाली बुडवायच्या अळीला निम्फ.

हा ट्राउट मूळचा इथला नाही. काश्मीरने युरोपातून अंडी मागवली. पहिली खेप वाटेत मेली आणि १९००च्या सुमारास स्कॉटलंडहून आलेली खेप जगली. कुल्लूत हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९०९मध्ये महिली इथे उबवणी केंद्र काढलं आणि तिथून ब्राउन ट्राउट बियास आणि तिच्या उपनद्यांत गेला. मूळचा मासा ‘स्नो ट्राउट’. त्याच्या नावात ट्राउट असला तरी तो कार्पच्या, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. परक्या माशाने त्याच्या जागेवर आणि खाण्यावर अतिक्रमण केलंय, आणि ट्राउटचं कौतुक करताना हे विसरू नये असं मला वाटतं. पण शंभर वर्षांत ब्राउन ट्राउट या नद्यांत आपणहून वाढायला लागलाय, आणि या लेखाचा विषय तोच आहे.

तीर्थन निवडली त्याचं कारण, तिच्यावर मोठं धरण नाही. ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या उंच भागातून ती निघते (या उद्यानाला २०१४मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला), गुशैणी, नागिणी, बंजार अशी उतरत लारजीजवळ बियासच्या खोऱ्यात पोचते. गळ टाकले जातात ते मुख्यतः उद्यानाच्या खालच्या, गावांमधल्या टप्प्यात, साधारण दीड हजार मीटर उंचीच्या आसपास. बर्फ, ऊन आणि पाऊस यांचा परिणाम इथे भेसळीशिवाय दिसतो.

माशाचं पोट आणि पाण्याचं तापमान

ट्राउटच्या शरीराचं तापमान आजूबाजूच्या पाण्याइतकंच असतं. पाणी गार, तर मासा गार. स्नायू मंद, पचन मंद, भूक मंद. ब्राउन ट्राउटची वाढ होते ती ढोबळमानाने ४ ते १९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात, आणि सगळ्यात चांगली १३-१४ अंशांच्या आसपास. चारच्या खाली तो जगतो, पण वाढत नाही. पंचविशीच्या जवळ गेलेल्या पाण्यात तो फार काळ तग धरत नाही.

पचनाचा भाग सगळ्यात बोलका आहे. १२ अंशांच्या पाण्यात खाल्लेलं पोटातून पुढे सरकायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुपटीहून अधिक वेळ ५ अंशांच्या पाण्यात लागतो. म्हणजे मार्चच्या सकाळी मासा रुसलेला नसतो, चलाखही झालेला नसतो. त्याचं कालचं जेवण अजून पोटात असतं, एवढंच. तुम्ही त्याच्या नाकासमोरून दहा प्रकारच्या फ्लाय नेल्या तरी त्याला उठायचं कारण नाही.

मग गळवाल्यांचे अंगवळणी पडलेले आकडे असे: ४ अंशांच्या खाली चहा प्या. ५ ते ७मध्ये निम्फ तळाशी न्या, धीर धरा. ७ ते १०मध्ये किडे पाण्यावर यायला लागतात आणि मासाही वर बघायला लागतो. १० ते १५ म्हणजे उत्तम दिवस, पण मार्चच्या सुरुवातीला तो क्वचितच मिळतो. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे तापमान कुठे चाललंय. सकाळी ५ आणि दुपारी साडेसहा, असं चढतं पाणी असेल तर मासा हलतो. काल ९ होतं आणि आज ७, अशा पडत्या पाण्यात तोच मासा दगडाखाली बसून राहतो, आकडा वरच्यापेक्षा जास्त असूनही. म्हणून तापमान एकदा मोजून भागत नाही. पोचल्यावर, अकराला आणि एकला, निदान तीनदा मोजावं, आणि ते सावलीत, वाहत्या पाण्यात, तळाजवळ. काठच्या उथळ डबक्यात बुडवलेला थर्मामीटर काठच्या डबक्याचंच तापमान सांगतो.

याच आकड्यांत आणखी एका प्रश्नाचं उत्तर आहे, जो प्रत्येक पुणेकर विचारतो: सह्याद्रीत ट्राउट का नाही? कळसूबाई १६४६ मीटर. आपले उंचावरचे ओढे पावसाळ्यानंतर काही महिन्यांत आटतात, आणि जे टिकतात ते उन्हाळ्यात ट्राउटला सोसणार नाही इतके तापतात. दक्षिणेत निलगिरीत ट्राउट रुजला तो दोन हजार मीटरच्या वर, बारमाही गार पाण्यात.

बर्फ लगेच पाणी होत नाही

आता नदीच्या वरच्या टोकाला जाऊ. फेब्रुवारीच्या शेवटी हिमालयातल्या नद्यांचं पाणी वर्षातल्या सगळ्यात कमी पातळीच्या जवळ असतं. पाऊस नाही, आणि बर्फ आहे तो गोठलेला. जे वाहतं ते मुख्यतः जमिनीत मुरलेलं पाणी, झऱ्यांतून हळूहळू येणारं. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीर्थन उथळ, आरशासारखी स्वच्छ आणि हिरवट-निळी दिसते.

ऊन वाढलं की बर्फ वितळून नदी फुगेल, असं वाटतं. पण मध्ये बराच काळ जातो. शून्य अंशाचं एक किलो बर्फ नुसतं वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलं असतं. त्यातही बर्फाचा थर रात्रभरात शून्याच्या खाली गेलेला असतो. आधी तो सगळा थर, वरपासून खालपर्यंत, शून्यावर यावा लागतो. वरचा पापुद्रा वितळला तरी ते पाणी खाली झिरपून पुन्हा गोठतं. त्यानंतरही बर्फाचा थर भिजलेल्या कापसासारखा बरंच पाणी धरून ठेवतो. तो भिजून जड झाला, ‘पिकला’, की मगच त्याच्या तळातून पाणी सुटायला लागतं. दक्षिणेकडे तोंड असलेले खालचे उतार आधी पिकतात, देवदारांच्या सावलीतले उत्तरेकडचे उतार कितीतरी आठवडे मागे असतात, आणि साडेतीन-चार हजार मीटरवरचा बर्फ मे-जूनपर्यंत थांबतो. त्यामुळे नदी एकदम फुगत नाही, टप्प्याटप्प्याने चढते. मार्चच्या सुरुवातीला गळवाल्यांना जी खिडकी मिळते, ती या विलंबामुळेच.

एकदा उतार पिकले की नदीला रोजची भरती-ओहोटी सुरू होते. बर्फ सगळ्यात जास्त वितळतो दुपारी, पण ते पाणी नाल्यांतून, खडकांतून वाट काढत खाली यायला काही तास लागतात. वरच्या नाल्यापाशी चढ दुपारी उशिरा दिसतो, बऱ्याच खाली बंजारच्या बाजूला तो रात्री येतो. सकाळी पाणी उतरलेलं आणि नितळ असतं. संध्याकाळी चढलेलं, किंचित गढूळ आणि आश्चर्य वाटेल इतकं गार. म्हणूनच मार्चच्या अखेरीला कडक उन्हाची दुपार फसवी ठरते. तुम्हाला शर्टावर घाम आलेला असतो, आणि नदीत मात्र शून्याजवळचं ताजं बर्फाचं पाणी उतरायला सुरुवात झालेली असते. दोन वाजता साडेसात दाखवणारा थर्मामीटर साडेचारला सहावर आला, तर समजावं की वरचं पाणी पोचलं. दोरी गुंडाळायला हरकत नाही.

उद्याचं पाणी कसं असेल, हे रात्रीचं आकाश बघून बरंच सांगता येतं. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकून देतो आणि घट्ट गोठतो. दुसऱ्या दिवशी सकाळचा बराच वेळ त्याला पुन्हा शून्यावर आणण्यातच जातो, नदी शांत राहते. ढगाळ रात्री ही उष्णता अडते, बर्फ गोठत नाही, आणि सकाळपासूनच वितळायला लागतो. खोलीत रात्री कमी थंडी वाजली म्हणून खूश होऊ नका, उद्या दुपारी पाणी लवकर चढणार आहे.

आणि पाऊस? बर्फावर पाऊस पडला की बर्फ धुऊन जातो, असं सगळेच म्हणतात. हिशोब करून बघा. १० अंशांचा १० मिलिमीटर पाऊस बर्फावर पडला, तर त्याच्यातली उष्णता जेमतेम सव्वा मिलिमीटर पाणी होईल एवढाच बर्फ वितळवते. खरं काम करतो तो दमट, उबदार वारा. हवेतली वाफ गार बर्फावर बसून पाणी होते तेव्हा ती जी उष्णता सोडते, त्यात एक किलो वाफेमागे साडेसात किलो बर्फ वितळू शकतो. त्यामुळे नुसत्या गार पावसाला घाबरू नये. उबदार, दमट वाऱ्यासकट येणारा पाऊस मात्र एका रात्रीत नदी तपकिरी करतो, कारण त्यात पावसाचं पाणी, वितळलेलं पाणी आणि रस्त्याकडेच्या उघड्या उतारांची माती अशी तिन्ही एकत्र येतात.

मार्चमधला हा पाऊस आणतात ते पश्चिमी चक्रावात, भूमध्य समुद्राच्या बाजूने हिमालयाकडे सरकत येणाऱ्या हवेच्या प्रणाली. आपल्याकडे शेतकऱ्यांना हा शब्द वेगळ्या कारणाने माहीत आहे. याच प्रणालींचा प्रभाव दक्षिणेपर्यंत उतरला आणि बंगालच्या उपसागराकडून येणारे दमट वारे त्यांना भेटले, की विदर्भ-मराठवाड्यात गारपीट होते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अनेकांना आठवत असेल. कुल्लूत चक्रावात येतो तेव्हा आधीचा ढगाळ, निवांत, किंचित भुरभुर असलेला दिवस गळवाल्यासाठी सोन्याचा असतो. चक्रावात निघून गेल्यावर आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं, फोटो सुंदर येतात, आणि रात्री इतक्या गार पडतात की पुढचे एक-दोन दिवस नदी मंदावते. पर्यटक नेमके याच दिवसांत खूश असतात.

दगड उलटून बघा

ट्राउट नदीत काय खातो, हे बघायला तळहाताएवढा दगड उचलून उलटा करावा. मार्चमध्ये त्याच्या खाली, पाण्यात वाढून पुढे पंख फुटणाऱ्या किड्यांच्या अळ्यांची बरीच वस्ती सापडते. चपट्या, दोन शेपट्यांच्या, सरपटणाऱ्या अळ्या स्टोनफ्लायच्या. वाळूचे कण आणि काड्या चिकटवून केलेल्या नळीत राहणाऱ्या कॅडिसच्या. आणि बारीक, चपळ, बोटाखालून निसटणाऱ्या मेफ्लायच्या, त्यात बेटिस नावाच्या गटाच्या पुष्कळ. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवायचा.

या अळ्यांनी पूर्ण हिवाळा पाण्यात काढलेला असतो, सावकाश वाढत. त्यांचं मोठं होणंही तापमानावरच अवलंबून आहे. म्हणून वसंतात बाहेर पडणारी बेटिसची पिढी शरदातल्या पिढीपेक्षा थोडी मोठी आणि गडद असते. तरीही मोठी म्हणजे किती, तर शरीर सहा-आठ मिलिमीटर. गळाच्या भाषेत १८ नंबर, फार तर १६ (नंबर जितका मोठा, तितका गळ लहान). मुंबईच्या दुकानात ज्या भडक, गुबगुबीत फ्लाय मिळतात, त्यांचा या महिन्यात फारसा उपयोग नाही.

बेटिस बाहेर पडते तो प्रसंग समजून घेण्यासारखा आहे. पाणी सात-आठ अंशांवर आलं, साधारण दुपारी बारा ते तीनच्या मध्ये, की तयार झालेल्या अळ्या तळ सोडून वर पोहायला लागतात. पाण्याचा पृष्ठभाग त्यांच्या आकाराच्या जिवासाठी चिवट पापुद्रा असतो. तो फोडून, जुनी कात टाकून, पंख उघडून उडायचं असतं. कोरड्या, उन्हाच्या दिवशी पंख लवकर वाळतात आणि त्या पटकन उडून जातात. ढगाळ, दमट दिवशी पंख वाळायला वेळ लागतो, त्या पाण्यावर बसून वाहत राहतात. ट्राउटला फुकटचं जेवण. म्हणूनच भुरभुर पावसाचा, कुणीही घराबाहेर पडणार नाही असा दिवस ड्राय फ्लायसाठी सर्वोत्तम. मेफ्लायची आणखी एक गंमत: पंख फुटल्यावरही ती पुन्हा एकदा कात टाकते. कीटकांच्या जगात हे दुसरं कुणी करत नाही.

स्टोनफ्लायचं तसं नाही. तिची अळी काठाकडे सरपटत येते आणि कोरड्या दगडावर चढून कात टाकते. काठच्या खडकांवर चिकटलेल्या रिकाम्या काती दिसल्या, की समजायचं, मासा काठाजवळ आलेला असू शकतो. आणि मग बूट घालून थेट पाण्यात शिरण्याआधी काठाकाठाचं पाणी तपासायचं. याशिवाय मिज नावाचे डासासारखे, पण न चावणारे कीटक अगदी कडाक्याच्या थंडीतही थोडेथोडे निघत असतात. ते इतके बारीक की पाच अंशांच्या पाण्यात दुसरं काही नसतं, तेव्हाच त्यांची आठवण होते.

मासा कुठे उभा असतो

उन्हाळ्यात ट्राउट खळाळत्या पाण्यात सापडतो, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि खळाळात तो मिसळत राहतो. मार्चमध्ये ही अडचणच नसते. समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ५ अंशांच्या पाण्यात जवळजवळ १३. उंचीमुळे तीर्थनमध्ये हे आकडे थोडे खाली येतात, पण गार पाण्याचा फायदा राहतो. श्वासाची चिंता नाही, अंगात जोर नाही. मग मासा जोरदार प्रवाहाशी झुंजणार कशाला? तो डोहाच्या शेपटीकडे, मोठ्या दगडाच्या आडोशाला, माणसाच्या संथ चालीएवढ्या वेगाच्या, कमरेएवढ्या खोल पाण्यात तळाला टेकून राहतो. तळाशी पाण्याचा वेग वरच्यापेक्षा बराच कमी असतो, तिथे उभं राहायला कष्ट पडत नाहीत.

एक जागा लोक हमखास ओलांडून जातात. काठाच्या खडकातून झरा नदीत मिळतो ती. झऱ्याचं पाणी जमिनीतून येतं, त्याचं तापमान त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असतं. मेमध्ये ते गार लागतं, मार्चमध्ये नदीपेक्षा उबदार. दोन-तीन अंशांचा फरक सापडला, तर सकाळी नऊलाही तिथे मासा खात असण्याची शक्यता आहे. गुशैणीला फलाचन नदी तीर्थनला मिळते, तिथेही दोन्ही पाणी वेगवेगळी मोजावीत. दोन खोऱ्यांचा बर्फ, ऊन आणि रंग एकाच दिवशी सारखे असतीलच असं नाही.

तळाला टेकलेला, मंद मासा फ्लायसाठी फार हलत नाही. इकडे-तिकडे वीतभर, तेवढंच. म्हणजे निम्फ त्याच्या तोंडासमोरूनच जायला हवी, आणि तळाच्या वेगाने जायला हवी. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. दोरी वरच्या वेगवान पाण्यावर, निम्फ खालच्या मंद पाण्यात. दोरी पुढे पळते आणि निम्फला ओढत, वर उचलत नेते. खरी अळी कधीच अशी ओढल्यासारखी जात नाही, आणि माशाला ते कळतं. उपाय दोन. जड मण्याची, टंगस्टनची निम्फ, जी लवकर बुडते. आणि दोरी पाण्यावर पडल्या-पडल्या काठीच्या टोकाने तिचा मधला फुगलेला भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला उचलून टाकणं, म्हणजे प्रवाहाला ती ओढायला काही सेकंद जास्त लागतात. अधूनमधून निम्फ तळाच्या दगडांना अडखळायला हवी. एकदाही अडखळत नसेल तर ती माशाच्या डोक्यावरून चालली आहे. दिवसाला दोन-चार निम्फ दगडांत गमावणं हा या खेळाचा खर्च समजावा. मासा लागल्याची खूणही मार्चमध्ये झटक्याने येत नाही. धाग्याला लावलेला तरंगणारा ठिपका, म्हणजे इंडिकेटर, क्षणभर थबकतो, बस्स. शंका आली की काठी उचलायची.

पाणी कमी आणि स्वच्छ असल्यामुळे माशालाही तुम्ही दिसता. तो प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जावं, वाकून, सावली पाण्यावर न पाडता. काठची झाडं अजून निष्पर्ण असतात, आडोसा मिळत नाही. पाण्याला किंचित हिरवट-दुधी रंग चढला, तर उलट बरं: मासा कमी बुजतो, आणि फ्लाय त्याला दिसतेच. गुडघाभर पाण्यात स्वतःचे बूट दिसेनासे झाले, की मात्र परत फिरावं.

खडीत अजून पिल्लं आहेत

हिवाळ्यातली बंदी असते ती ब्राउन ट्राउटच्या विणीसाठी. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी घालते, वरून खडी ओढते. अंडी फुटायला किती दिवस लागतील, हेही पाणी ठरवतं: रोजच्या तापमानाची बेरीज साधारण सव्वाचारशे ते साडेचारशेपर्यंत गेली की अंडी फुटतात. पाच अंशांच्या पाण्यात हे जवळजवळ तीन महिने. म्हणजे डिसेंबरच्या मध्याला घातलेली अंडी मार्चच्या मध्यापर्यंत खडीतच असतात, आणि अंड्यातून निघालेली पिल्लंही पोटावरची बलकाची पिशवी संपेपर्यंत आणखी काही आठवडे खडीतून बाहेर येत नाहीत. बंदी १ मार्चला उठते, पाळणाघर तेव्हा रिकामं झालेलं नसतं. डोहाच्या शेवटी, जिथे पाणी उथळ होऊन वेग धरतं तिथे, आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा खडीचा पट्टा आणि त्याच्या खालच्या अंगाला लहानसा उंचवटा दिसला, तर तिथे पाय ठेवू नये. वळसा घालायला दोन मिनिटं लागतात.

अमेरिकेचं कॅलेंडर इथे चालत नाही

फ्लाय फिशिंगवर वाचायला मिळणारं बहुतेक लिखाण अमेरिकेतलं किंवा ब्रिटनमधलं. मोंटानातल्या बिटररूट नदीवर मार्च-एप्रिलमध्ये स्क्वाला नावाची मोठी स्टोनफ्लाय निघते आणि ती गाठायला लोक दुरून येतात. तिथे मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी येतं, नदी गढूळ होते, आणि जुलैत पुन्हा नितळून उन्हाळाभर सुंदर मासेमारी चालते. म्हणून तिकडचा सल्ला असतो: वसंत हुकला तरी चालेल, पूर उतरेपर्यंत थांबा. अमेरिकेतल्या मराठी वाचकांना हे ओळखीचं असेल. कुल्लूत हा सल्ला पाळला तर हंगाम हातचा जातो. इथे बर्फाचं पाणी ओसरायच्या आतच मान्सून येतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये नद्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या आणि मातकट असतात. जुलै २०२३मधल्या पुरात बियासच्या खोऱ्यात रस्ते, पूल, घरं वाहून गेली. असा पूर नदीचा तळही उलथवतो. जुने डोह खडीने भरतात, नवे तयार होतात, दगडाखालची वस्ती धुऊन जाते आणि परत बसायला वेळ घेते. गेल्या वर्षीचा हमखास डोह यंदा जागेवर असेल, असं गृहीत धरू नये. हिमाचलच्या गळवाल्याला खऱ्या अर्थाने दोनच खिडक्या मिळतात: मार्चपासून बर्फाचं पाणी जोर धरेपर्यंत, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरअखेर बंदी लागेपर्यंत.

परवाना मत्स्य विभागाकडून घ्यावा लागतो. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात, ते त्यावरच्या नियमांत बघून घ्या. सोडायचा मासा ओल्या हातानेच धरावा, आणि काट्याचं उलटं टोक पकडीने आधीच दाबून टाकावं.

आणि पाण्यात उतरण्याबद्दल. पाच-सहा अंशांच्या पाण्यात पाय घसरून पडलात, तर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप धापा टाकायला लागतो आणि नाकातोंडात पाणी जाण्याची भीती असते. दहाएक मिनिटांत बोटांची पकड जाते. मांडीच्या वर पाणी येईल तिथे एकट्याने जाऊ नये, आणि वेडर्सचा, म्हणजे छातीपर्यंतच्या जलरोधक पोशाखाचा, कमरेवरचा पट्टा आवळलेला असावा. सकाळी सहज ओलांडलेली धार दुपारी चारला परत ओलांडता येईलच असं नाही, तेव्हा पलीकडे जाण्याआधी काठच्या एखाद्या दगडावर पाण्याची रेघ लक्षात ठेवा. ती बुडली की लगेच परता.

वर सांगितलेले बर्फाचे, उन्हाचे नियम तीर्थन मोकळी आहे तोवरच लागू. लारजीला धरण आहे, आणि त्याच्या खाली बियासचं पाणी विजेच्या मागणीप्रमाणे चढतं-उतरतं. ८ जून २०१४ला धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादहून सहलीला आलेले २४ विद्यार्थी वाहून गेले. नदीपात्रात ते उभे होते तेव्हा पाणी कमी होतं. हिवाळ्यात आणि मार्चमध्ये प्रवाह मुळातच थोडा, त्यामुळे पाणी अडवून मागणीच्या वेळी सोडण्यातला फरक अधिक जाणवतो. त्या टप्प्यात गळ टाकायचाच असेल, तर पाणी केव्हा सुटतं ते गावात विचारून घ्या, भोंगा ऐकू येईल अशा जागी थांबा, आणि पात्राच्या मधल्या दगडांवर उभं राहू नका.